अल्पमात्रेतील ॲस्पिरिन आणि रक्तदाबाची औषधे : सहयोगाचा इतिहास व नंदुरबार जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना

दि. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या काही आठवडे आधी, जून १९९८ मध्ये, लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'हॉट' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या रुग्णांना त्यासोबत रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले तर काय होते, याची मोठ्या प्रमाणावरील तपासणी या चाचणीत प्रथमच झाली होती. या दोन घटनांचा परस्परांशी अर्थातच काही संबंध नाही. तथापि या जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेचे सारे आयुष्य त्या निष्कर्षानंतरच्या काळात गेले आहे, आणि त्या निष्कर्षाचा स्वीकार, अतिरेक व पुनर्विचार या तिन्ही अवस्था याच काळात घडल्या आहेत.

रक्तदाबाच्या गोळीसोबत दिली जाणारी लहान पांढरी गोळी आज खेड्यापाड्यांतही परिचित आहे. लोक तिला 'रक्त पातळ करण्याची गोळी' म्हणतात. हे नाव सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे. ॲस्पिरिनने रक्त पातळ होत नाही. रक्तातील बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटण्याची क्रिया मंदावते. 'पातळ' या शब्दामुळे ही गोळी निरुपद्रवी व सर्वांनाच उपयुक्त आहे असा समज दृढ झाला असावा. प्रस्तुत निबंधात रक्तदाबाची औषधे आणि ॲस्पिरिन यांच्या स्वतंत्र इतिहासांचा, ते एकत्र आले त्या टप्प्यांचा आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात त्या सहयोगाला येणाऱ्या मर्यादांचा मागोवा घेण्यात आला आहे. ॲस्पिरिन सुरक्षित आहे काय, या प्रश्नाचे उत्तर या इतिहासात वारंवार दोन गोष्टींवर अवलंबून राहिलेले दिसते: रक्तदाब आधी आटोक्यात आला आहे काय, आणि ॲस्पिरिन देण्यास ठोस कारण आहे काय.

सर्पगंधा ते टेल्मिसार्टन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उच्च रक्तदाब हा औषधोपचाराचा विषय आहे असेच अनेक वैद्यकतज्ज्ञ मानत नसत. वाढलेला दाब ही वार्धक्यातील शरीराची गरज आहे, तो कमी केल्यास अपाय होईल, अशी धारणा होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब दि. १२ एप्रिल १९४५ रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला त्या दिवशी, ३००/१९० इतका नोंदविला गेला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली राष्ट्राच्या प्रमुखालाही त्या वेळी देता येईल असे परिणामकारक औषध उपलब्ध नव्हते.

या क्षेत्रात भारताचे योगदान मूलगामी आहे आणि त्यातील महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला, याचे स्मरण महाराष्ट्रातील वाचकाला असणे आवश्यक आहे. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदात प्राचीन काळापासून ज्ञात होती. १९३१ मध्ये कोलकात्यातील गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरील तिच्या उपयोगाची नोंद केली. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी तिच्या मुळांतून अल्कलॉइड वेगळी केली. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या गोळ्यांचा रुग्णांवर पद्धतशीर अभ्यास करून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्ये ५० रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले ते प्रामुख्याने या लेखामुळे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण हा सन्मान प्राप्त झाला. रेसर्पिनमुळे काही रुग्णांत खिन्नता येत असे आणि कालांतराने ते मागे पडले. परंतु रक्तदाब गोळीने उतरविता येतो, ही गोष्ट त्याने सिद्ध केली होती.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरोथायझाइड हे लघवीवाटे क्षार व पाणी बाहेर टाकणारे औषध आले, १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांचे प्रोप्रॅनोलॉल आले आणि १९८१ मध्ये कॅप्टोप्रिलला अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्तदाब उतरविल्याने माणसे खरोखरच अधिक जगतात काय, या प्रश्नाला अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि १९६७ व १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी होकारार्थी उत्तर दिले. पक्षाघाताचे प्रमाण त्यात लक्षणीयरीत्या घटले होते. भारतात २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रासह पाच राज्यांतील निवडक जिल्हे प्रथम समाविष्ट झाले. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन या मोजक्या औषधांवर आधारलेली सोपी उपचारपद्धती हे त्याचे वैशिष्ट्य होते. या पायऱ्यांत प्रत्येक रुग्णाला सरसकट ॲस्पिरिन देण्याची पायरी नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

तापाची गोळी ते हृदयाची गोळी

ॲस्पिरिनचा इतिहास याहून जुना आणि वळणावळणाचा आहे. १७६३ मध्ये इंग्लंडमधील धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन यांनी वाळुंजाच्या सालीच्या चूर्णाने हिवताप उतरतो, असे रॉयल सोसायटीला कळविले. जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये शुद्ध स्वरूपात ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल तयार केले. या श्रेयावर आर्थर आयशेनग्रून यांनी १९४९ मध्ये आपला हक्क सांगितला आणि तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. आयशेनग्रून ज्यू होते व नाझी राजवटीत छळछावणीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे नाव मागे का पडले असावे याचा तर्क करता येतो. १८९९ पासून हे औषध 'ॲस्पिरिन' या नावाने विकले जाऊ लागले. पुढील जवळजवळ अर्धशतक ते ताप, डोकेदुखी आणि सांधेदुखीचे औषध म्हणूनच ओळखले गेले.

त्याचा हृदयाशी संबंध प्रथम जोडला तो एका सामान्य व्यावसायिक डॉक्टरने. कॅलिफोर्नियातील ग्लेन्डेल येथील लॉरेन्स क्रेव्हन हे टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया करीत. ॲस्पिरिनयुक्त च्युइंगम चघळणाऱ्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर अधिक रक्तस्राव होतो, असे त्यांच्या ध्यानात आले. जे औषध रक्त गोठू देत नाही ते हृदयाच्या रोहिणीतील गाठही रोखू शकेल, असा तर्क त्यांनी केला आणि मध्यमवयीन पुरुषांना ते रोज ॲस्पिरिन देऊ लागले. १९५६ पर्यंत सुमारे ८,००० पुरुषांना आपण हे औषध दिले असून त्यांपैकी कोणालाही हृदयविकाराचा झटका आला नाही, असे त्यांनी लिहिले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता; साहजिकच कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, क्रेव्हन यांचे स्वतःचे निधन हृदयविकाराने झाले. येथे नोंद घेण्याजोगी बाब अशी की, ॲस्पिरिनच्या या नव्या उपयोगाचा शोध रक्तस्रावाच्या निरीक्षणातून लागला. लाभ आणि धोका ही दोन स्वतंत्र वैशिष्ट्ये नव्हती. एकाच गुणधर्माचे ते दोन परिणाम होते. नंतरच्या उत्साहात ही गोष्ट विसरली गेली.

कार्डिफ येथे पीटर एलवुड, आर्ची कॉक्रन व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी ही या विषयातील पहिली शास्त्रशुद्ध चाचणी होय. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,२३९ पुरुषांना त्यात सोडतीने ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. मृत्यू कमी झाले, परंतु संख्याशास्त्राच्या कसोटीवर निष्कर्ष निर्णायक ठरला नाही. निर्णायक पुरावा १९८८ मध्ये 'आयसिस-२' या चाचणीने दिला. हृदयविकाराच्या ताज्या झटक्यातील १७,१८७ रुग्णांचा तिच्यात समावेश होता आणि महिनाभर रोज घेतलेल्या साध्या, स्वस्त ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू सुमारे एक पंचमांशाने घटविले.

एकाच प्रयोगशाळेत आलेले दोन प्रवाह

ही दोन औषधे परस्परांना बाधक ठरतात काय, या प्रश्नाचे मूळ एका शास्त्रज्ञाच्या कार्यात सापडते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये कार्यरत असलेले जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिन शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्यांची निर्मिती थांबविते, असे दाखवून दिले. १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता तो मुख्यत्वे या कार्यामुळे. परंतु याच व्हेन यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात ब्राझीलचे सर्जिओ फेरेरा एका विषारी सर्पाच्या विषातील अर्क घेऊन आले होते. त्या अर्काच्या अभ्यासातून रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य निर्माण होऊ न देणारी औषधे घडली. कॅप्टोप्रिल, एनालाप्रिल व रामिप्रिल ही त्याच कुळातील. सर्पगंधेच्या मुळाने ज्या कथेचा आरंभ झाला तिचे पुढचे पर्व सर्पाच्या विषाने घडावे, हा योगायोग मनोरंजक आहे.

अडचण अशी की, या कुळातील औषधांच्या परिणामाचा काही भाग ब्रॅडिकायनिन व त्यामार्गे प्रोस्टाग्लँडिन वाढण्यावर अवलंबून असतो, आणि ॲस्पिरिन तर नेमके प्रोस्टाग्लँडिनच थांबविते. म्हणजे एक गोळी जे उभारते ते दुसरी पाडते, अशी शंका तर्कशुद्ध होती. १९९० च्या दशकात हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांच्या जुन्या चाचण्यांतील आकडेवारी पुन्हा तपासण्यात आली तेव्हा ॲस्पिरिन घेणाऱ्यांत एनालाप्रिलचा लाभ कमी दिसल्याने ही शंका बळावली. २००२ मध्ये सहा चाचण्यांतील २२,०६० रुग्णांची माहिती एकत्र करून 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्याने मात्र ॲस्पिरिन असो वा नसो, या औषधांचा लाभ मिळतोच, असा निर्वाळा दिला.

मात्रेचा प्रश्न येथे कळीचा आहे. बिंबिकेला केंद्रक नसते. त्यामुळे ॲस्पिरिनने तिच्यातील विकर एकदा कायमचे बंद केले की ती नवे विकर घडवू शकत नाही. तिच्या साधारण दहा दिवसांच्या आयुष्यभर ती निष्प्रभ राहते. रक्तवाहिनीच्या आणि मूत्रपिंडाच्या पेशी मात्र ते पुन्हा घडवितात. म्हणून रोजची ७५ ते १०० मिलिग्रॅमची अल्प मात्रा बिंबिकांवर पुरेशी पडते आणि मूत्रपिंडावर व रक्तदाबावर तिचा फारसा परिणाम होत नाही. ३०० ते ६०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दुखण्यासाठी दिवसातून अनेकदा घेतल्यास हा तोल राहत नाही. अल्पमात्रेचा हा तर्क १९८० च्या दशकारंभी इटलीतील कार्लो पॅट्रोनो व सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी पक्का झाला.

भारतापुरते बोलायचे तर या प्रश्नाचे थेट उत्तर २००९ मध्ये मिळाले. देशातील ५० केंद्रांवर २,०५३ व्यक्तींचा समावेश असलेल्या 'टिप्स' या चाचणीत रक्तदाबाची तीन औषधे, कोलेस्टेरॉल उतरविणारे सिम्व्हास्टॅटिन आणि १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये भरण्यात आले होते. रामिप्रिलही त्या तीन औषधांत होते. ॲस्पिरिनसह आणि ॲस्पिरिनविना रक्तदाब सारखाच उतरला. अल्पमात्रेतील ॲस्पिरिन रक्तदाबाच्या गोळीला निकामी करते, ही भीती त्यामुळे बाजूला ठेवता येते.

१९९८ चा निष्कर्ष आणि त्याचे वाचन

'हॉट' चाचणीत २६ देशांतील १८,७९० रुग्ण होते. वय ५० ते ८०, खालचा रक्तदाब १०० ते ११५. फेलोडिपिन हे मुख्य औषध देऊन आणि गरजेनुसार इतर औषधांची भर घालून त्यांचा रक्तदाब प्रथम उतरविण्यात आला, आणि निम्म्या रुग्णांना रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देण्यात आले. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके ३६ टक्क्यांनी कमी झाले. पक्षाघातात मात्र फरक पडला नाही. प्राणघातक नसलेले मोठे रक्तस्राव ॲस्पिरिनच्या गटात १२९, तर दुसऱ्या गटात ७० झाले. प्राणघातक रक्तस्राव दोन्ही गटांत जवळपास सारखे, म्हणजे ७ आणि ८ होते.

या निष्कर्षाचे दोन प्रकारे वाचन शक्य होते. पहिले वाचन असे की, रक्तदाबाच्या रुग्णाला ॲस्पिरिन द्यावे. दुसरे वाचन असे की, ज्याचा रक्तदाब औषधांनी चांगला आटोक्यात आला आहे अशा रुग्णाला ॲस्पिरिन दिल्यास मेंदूतील रक्तस्राव वाढत नाही. चाचणीने जे तपासले होते ते दुसरे होते. व्यवहारात रूढ झाले ते बहुधा पहिले. इंग्लंडमधील टॉम मीड यांनी २००० साली पुरुषांवरील आपल्या चाचणीची आकडेवारी रक्तदाबानुसार विभागली तेव्हा वरचा दाब १३० पेक्षा कमी असलेल्यांत ॲस्पिरिनचा लाभ स्पष्ट दिसला. १४५ पेक्षा अधिक असलेल्यांत तो दिसलाच नाही. ब्रिटिश उच्च रक्तदाब संस्थेच्या २००४ च्या मार्गदर्शक सूचनांत ही अट शब्दबद्ध झाली: रक्तदाब १५०/९० च्या खाली आणल्यानंतरच, आणि तेही पन्नाशी ओलांडलेल्या अधिक जोखमीच्या रुग्णास, ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन द्यावे. मागाहून सूचना बदलल्या. क्रम मात्र बदललेला नाही. दाब चढा असताना मेंदूतील बारीक रोहिण्यांच्या भिंती दुर्बळ होतात, त्यांतील एखादी फुटल्यास बिंबिकांनी तातडीने बूच मारावे लागते आणि ॲस्पिरिनने नेमकी तीच शक्ती काढून घेतलेली असते.

पुनर्विचार

२००९ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पूर्वी हृदयविकार किंवा पक्षाघात न झालेल्या व्यक्तींत ॲस्पिरिनने गंभीर रक्तवाहिनीविकारांचे वार्षिक प्रमाण ०.५७ टक्क्यांवरून ०.५१ टक्क्यांवर आले, तर मेंदूबाहेरील मोठे रक्तस्राव ०.०७ वरून ०.१० टक्क्यांवर गेले. लाभ व हानी इतक्या जवळ आल्यावर सरसकट शिफारस करणे कठीण होते. जपानमध्ये ६० ते ८५ वयाच्या १४,४६४ व्यक्तींवर झालेली चाचणी लाभाची शक्यता दिसेना म्हणून मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यातील बहुसंख्य रुग्ण उच्च रक्तदाबाचे होते.

२०१८ हे वर्ष या इतिहासातील दुसरे वळण होय. 'ॲस्प्री' चाचणीत ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांत १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने हृदयविकार कमी झाला नाही. मोठे रक्तस्राव मात्र दर हजार व्यक्तींमागे वर्षाला ६.२ वरून ८.६ झाले. मधुमेहाच्या १५,४८० रुग्णांवरील 'असेंड' चाचणीत लाभ होता, पण रक्तस्रावाने तो जवळजवळ फेडून टाकला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने ६० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींनी केवळ प्रतिबंध म्हणून ॲस्पिरिन सुरू करू नये, अशी शिफारस केली.

यातून 'ॲस्पिरिन बंद करा' असा संदेश पसरला तर तोही तितकाच घातक ठरेल. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या रोहिणीत स्टेंट बसविला आहे, ज्यांना रक्ताच्या गाठीमुळे पक्षाघात झाला आहे, अशांच्या बाबतीत आयसिस-२ नंतर जमा झालेला पुरावा कोणीही खोडून काढलेला नाही. स्टेंट बसविलेल्या रुग्णाने गोळी मनाने थांबविल्यास स्टेंट अचानक बंद पडू शकतो. पुनर्विचार झाला तो केवळ रक्तदाब आहे म्हणून जोडीला दिल्या जाणाऱ्या ॲस्पिरिनचा. या पार्श्वभूमीवर 'टिप्स-३' या चाचणीचा उल्लेख आवश्यक आहे. ५,७१३ व्यक्तींच्या या चाचणीत जवळजवळ निम्मे सहभागी भारतातील होते. रक्तदाबाची औषधे, सिम्व्हास्टॅटिन व ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन एकत्र घेणाऱ्या गटात हृदयविकार, पक्षाघात इत्यादी घटना ५.८ टक्क्यांऐवजी ४.१ टक्के आढळल्या. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकत्रित गोळ्यांना आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. जेथे डॉक्टर दूर आहे व औषधांचा पुरवठा अनियमित आहे तेथे एकच गोळी हा व्यवहार्य मार्ग ठरू शकतो. मात्र ज्याला ॲस्पिरिन वर्ज्य आहे त्याच्यासाठी ॲस्पिरिनविना असलेली गोळीही त्याच दुकानात मिळाली पाहिजे, ही त्याची दुसरी बाजू आहे.

नंदुरबार जिल्ह्याचा संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांपैकी शेवटच्या दोहोंचा मोठा भाग सातपुड्याच्या डोंगररांगांत आहे. नर्मदेच्या जलाशयाकाठी वसलेल्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागला, यावरून तेथील अंतराची कल्पना यावी. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२० मध्ये. मोठ्या चाचण्यांतील रुग्णाचा रक्तदाब ठरावीक काळाने मोजला जात होता, त्याची गोळी कधी खंडित होत नव्हती आणि काळे शौच होऊ लागल्यास तो त्याच दिवशी कोणाला तरी सांगू शकत होता. हे निष्कर्ष मोलगी किंवा तोरणमाळच्या परिसरात जसेच्या तसे लागू करताना ही गृहीतके प्रथम तपासणे क्रमप्राप्त आहे.

यांतील सर्वांत नाजूक गृहीतक अखंड पुरवठ्याचे आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी दक्षिण गुजरातकडे स्थलांतर करतात आणि होळीला किंवा हंगाम संपल्यावर परततात. रक्तदाबाच्या गोळ्या ज्या उपकेंद्रातून मिळतात ते गावी राहते. समजा, मुकादमासोबत निघालेल्या मजुराजवळ महिन्याच्याच गोळ्या आहेत. त्या संपल्यावर दाब काही दिवसांत पूर्ववत चढतो. पण त्याचे त्याला काहीच जाणवत नाही, कारण चढलेला रक्तदाब दुखत नाही. ॲस्पिरिन मात्र कोणत्याही औषधाच्या दुकानात अल्प दरात मिळते आणि 'हृदयाची गोळी' म्हणून तेच चालू ठेवले जाण्याची शक्यता अधिक. म्हणजे ज्या क्रमावर सारी सुरक्षितता उभी आहे तो क्रम नेमका उलटतो. दोन्हींपैकी एकच गोळी मिळणार असेल, तर निव्वळ रक्तदाबाच्या रुग्णासाठी ती रक्तदाबाची असली पाहिजे.

दुसरी बाब वेदनाशामकांची. दिवसभर कोयता चालविणाऱ्याचे अंग दुखणारच, आणि आठवडे बाजारातील दुकानात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी चिठ्ठीविना हाती पडते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या आधी घेतल्यास बिंबिकेतील तीच जागा अडविते आणि ॲस्पिरिनचा संरक्षक परिणाम होऊ देत नाही. अमेरिकी औषध प्रशासनाने २००६ मध्ये त्यासाठी वेळेचे अंतर सुचविले: आयबुप्रोफेन ॲस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने किंवा ॲस्पिरिनच्या आठ तास आधी घ्यावे. हे झाले ॲस्पिरिनपुरते. रक्तदाबाच्या दृष्टीने पाहता ही वेदनाशामके दाब वाढवितात. शिवाय टेल्मिसार्टनसारखे औषध, लघवी वाढविणारे औषध आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली, त्यात उन्हातील श्रमाने शरीरातील पाणी घटलेले असले, तर मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. वैद्यकीय लेखनात या त्रयीला 'तिहेरी तडाखा' अशा अर्थाचे नाव पडले आहे. जिल्ह्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे आणि या आजारात मूत्रपिंड आधीच दुबळे झालेले असू शकते, म्हणून येथे हा इशारा अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. अंगदुखीसाठी योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल हा तुलनेने निर्धोक पर्याय आहे.

पोटातील रक्तस्राव हा ॲस्पिरिनचा नेहमीचा धोका. पूर्वीचा पोटातील व्रण, सत्तरीपुढील वय, सोबत घेतलेले वेदनाशामक आणि मद्य यांनी तो वाढतो. मोहाच्या दारूला सातपुड्यातील सणसमारंभांत विधीचे स्थान आहे. ती संस्कृती हा येथे टीकेचा विषय नाही, परंतु रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याला हा संबंध कोणीतरी सांगितला पाहिजे, आणि तो भिली, पावरी वा मावची बोलीत सांगितला पाहिजे. डांबरासारखे काळे शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, विनाकारण थकवा ही लक्षणे त्या बोलीत कशी वर्णावीत, हा भाषा विभागाच्या प्राध्यापकांनीही विचार करावा असा प्रश्न आहे. पावसाळ्यातील तापाचेही असेच. डेंग्यूत बिंबिका घटतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना तापासाठी ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळण्यास सांगते. रोजची ७५ ची गोळी घेणाऱ्याला असा ताप आल्यास ती थांबवायची की नाही, हे रक्ततपासणी पाहून डॉक्टरने ठरवायचे असते. घरातील मुलांच्या तापावर ही गोळी अर्धी करून देण्याचा प्रकार तर सर्वथा टाळलाच पाहिजे; मुलांमधील रे सिंड्रोम या दुर्मिळ पण प्राणघातक विकाराशी तिचा संबंध १९८० च्या दशकात स्पष्ट झाला आहे.

गर्भवतीच्या बाबतीत हा हिशेब उलटा होतो. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल यांसारखी औषधे गर्भास अपायकारक असल्याने बंद करून लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा द्यावे लागते. आणि गरोदरपणातील रक्तदाबाची जोखीम अधिक असलेल्या स्त्रीला याच अल्पमात्रेतील ॲस्पिरिनची शिफारस केली जाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा देशांतील ११,९७६ प्रथम प्रसूतीच्या स्त्रियांवरील चाचणीत भारतातील नागपूर व बेळगावी ही केंद्रे होती. रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत अकाली प्रसूतीचे प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आले. कुपोषण व अकाली जन्म हे प्रश्न ज्या जिल्ह्याच्या नावाशी वारंवार जोडले जातात, त्याच्या दृष्टीने विदर्भातून पुढे आलेला हा पुरावा अभ्यसनीय आहे. येथेही रक्तदाब मोजणे प्रथम येते.

अखेरीस एका क्षुल्लक वाटणाऱ्या बाबीचा निर्देश करणे अगत्याचे आहे. औषधाच्या दुकानात दहा गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून चार-पाच गोळ्या सुट्या दिल्या जातात. औषधाचे नाव, मात्रा आणि मुदत पट्टीच्या ज्या भागावर छापलेली असते तो भाग दुकानदाराकडेच राहतो. रुग्णाच्या हाती उरतात त्या एकसारख्या दिसणाऱ्या लहान गोळ्या: कोणती रक्तदाबाची, कोणती ॲस्पिरिनची, ७५ ची की १५० ची, हे ना त्याला सांगता येते, ना पुढच्या गावातील डॉक्टरला ओळखता येते. स्थलांतराला निघणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत अखंड पट्टी आणि रक्तदाबाच्या नोंदीचे कार्ड असणे, एवढी व्यवस्था उपकेंद्राच्या पातळीवर दिवाळीपूर्वी होऊ शकते.